आधी हेडसेट; साउंड कार्डाचं नंतर बघू

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "काका, माझ्याकडे आठ हजार रुपये आहेत. पीसीवर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळतो, फोनवर बीजीएमआय. आत्ताच्या हेडफोनमध्ये घरघर येते आणि पावलं पुढून वाजतायत की मागून, ते कळत नाही. दुकानदार म्हणतो, पाच हजारांचा ७.१ हेडसेट घे, तीन हजारांचं साउंड कार्ड टाक, फरक बघ. घेऊ का?"

काका म्हटलंयस म्हणून अरे-तुरे करतो. घेऊ नकोस. म्हणजे हेडसेट घे, पण ७.१ हा आकडा बघून नको. आणि साउंड कार्डाचे तीन हजार तूर्त खिशातच राहू देत. तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी आहेत, घरघर आणि दिशा, आणि दुकानदाराने दोन्हींवर एकच औषध लिहून दिलंय. मी चोवीस वर्षं नारायण पेठेत कॉम्प्युटर जोडतोय आणि दुरुस्त करतोय. या काळात साउंड कार्ड टाकून दिशा सुधारलेला माणूस मी एकदाच पाहिला, आणि तोही २००४ सालच्या आसपास.

त्या सालाला अर्थ आहे. एके काळी कॉम्प्युटरला स्वतःचा आवाजच नव्हता. आतला छोटा स्पीकर पिप-पिप करायचा, बस. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर १९८९ साली आलं आणि गेममध्ये खरी गाणी वाजायला लागली. पुढे कार्डावरच्या चिपा हुशार होत गेल्या. गोळी कुठल्या बाजूने आली, खोली दगडी आहे की लाकडी, आवाज किती घुमेल, हे सगळं गणित कार्ड करायचं. क्रिएटिव्हचं ईएएक्स आणि ऑरियल कंपनीचं ए३डी ही त्या वेळची नावं. ऑरियलचं तंत्र दिशेच्या बाबतीत सरस होतं असं मी आजही म्हणेन, पण कोर्टकचेऱ्यांत ती कंपनी पार पिचली आणि २००० साली क्रिएटिव्हनेच तिची मालमत्ता विकत घेतली. मग विंडोज व्हिस्टा आलं, २००७ च्या सुरुवातीला, आणि मायक्रोसॉफ्टने आवाजाची सगळी वाट नव्याने बांधताना गेमपासून कार्डाच्या चिपेपर्यंत जाणारा जुना रस्ता बंद करून टाकला. तेव्हापासून दिशेचं गणित गेम स्वतः करतो, तुझ्या प्रोसेसरवर. कार्डाकडे उरलं ते हमालाचं काम: आकड्यांची वीज करायची आणि ती हेडफोनपर्यंत ढकलायची.

हे काम करणारी चिप तुझ्या मदरबोर्डवर आहेच. मागच्या सॉकेटांजवळ बघ, बहुधा खेकड्याचं चित्र असलेली रिअलटेकची चौकोनी चिप दिसेल. एएलसी८८७ सारख्या अगदी साध्या चिपेचाही आवाज आणि खरखर यांच्यातला फरक कागदावर ९७ डेसिबल आहे. सीडीच्या १६ बिटांतून जास्तीत जास्त ९६ निघतात. महाग बोर्डांवरच्या एएलसी१२२० चा आकडा १२० आहे, पण तुझ्या खोलीत पंखा फिरतोय, खाली रिक्षावाले हॉर्न मारतायत, आणि रूममेट फोनवर बोलतोय. ते वरचे तेवीस डेसिबल तू ऐकणार कधी आणि कुठे?

मग घरघर का येते? कारण चिप चांगली असली तरी तिच्यापर्यंत आणि तिच्यापासून जाणारा रस्ता घाण असू शकतो. इथे जरा सावकाश जाऊ, कारण नव्वद टक्के लोक पैसे इथेच वाया घालवतात. (नव्वद टक्के हे बोलण्यातलं हं, मी काही मोजलेलं नाही.)

माझ्याकडे गिऱ्हाईक "नॉइज येतो" म्हणत आलं की मी पहिला प्रश्न विचारतो: घों, किर्र की सस्स? लोक हसतात, पण या तीन आवाजांत सगळं निदान आहे.

घों म्हणजे खालच्या पट्टीतला, न थांबणारा, ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिल्यासारखा आवाज. हा आपल्या विजेचा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत येणारी त्याची पिल्लं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि घों कमी-जास्त झाला, किंवा पत्र्याला हात लावल्यावर बोटांना मुंग्या आल्या, तर अर्थिंग नाही असं समज. पेठांमधल्या जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते, नुसती शोभेला. तेव्हा कॅबिनेटचा पत्रा सुटा तरंगत राहतो आणि पॉवर सप्लायमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरांतून त्यावर विजेचा थोडा दाब चढतो. माइक ते बरोबर पकडतो. याला साउंड कार्ड हा उपाय नाही. घरमालकाला सांगून वायरमनकडून अर्थिंग तपासून घे. स्वतः सॉकेट उघडायला जाऊ नकोस. लॅपटॉपवर हीच गोष्ट ओळखणं सोपं: चार्जर काढला की घों गायब.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. २००९ साली माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरच्या माइकमध्ये घों यायचा. मी, स्वतःला तज्ज्ञ समजणारा माणूस, एक चांगलं महागातलं साउंड कार्ड आणलं. घों तसाच. कार्ड बदलून घेतलं, दुकानदाराशी वाद घातला, तो बिचारा बरोबर होता. शेवटी आमच्या वाड्याचा वायरमन आला, त्याने मीटर लावला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोणीतरी तुळस लावलीय." खरंच लावली होती. खड्ड्यातली तार केव्हाच गंजून तुटलेली. नवी तांब्याची पट्टी, कोळसा-मीठ, दोन बादल्या पाणी, आणि घों बंद. ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

किर्र वेगळा. माऊस हलवला, पान वर-खाली सरकवलं, गेम सुरू होऊन ग्राफिक्स कार्डवर ताण आला की बारीक किर्र, चिर्र, टिकटिक असं काहीतरी ऐकू येतं आणि काम थांबलं की तेही थांबतं. हा बोर्डाच्या आतलाच गोंगाट आवाजाच्या रस्त्यात शिरतोय. बऱ्याचदा दोष कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटचा असतो: तिथून बोर्डापर्यंत जी लांब, पातळ वायर जाते ती ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालून काढलेली असते. हेडफोनची पिन पुढून काढून मागच्या हिरव्या सॉकेटात घाल. फुकट उपाय आहे. मागेही किर्र येत असेल, तरच बाहेरचा यूएसबी ऑडिओ अडॅप्टर घे. बोटाएवढा असतो, हजार रुपयांच्या आसपास पुरेसा बरा मिळतो. तो आकड्यांची वीज कॅबिनेटच्या बाहेर करतो, त्यामुळे आतल्या गोंगाटापासून बराच सुटतो. कॅबिनेटच्या आत बसणारं कार्ड याच कामासाठी घेणं मला पटत नाही. ज्या घरात भांडण चाललंय त्याच घरात दुसरी खोली घेण्यासारखं ते आहे.

सस्स म्हणजे पावसासारखा सपाट आवाज. बहुतेक वेळा माइकचा बूस्ट, म्हणजे त्याचा आवाज वाढवणारी सेटिंग, वीस-तीस डेसिबलवर चढवून ठेवलेला असतो आणि माइकचा आवाज आपल्याच कानात परत येत असतो. विंडोजमध्ये माइक म्यूट करून बघ. सस्स गेला तर हेडफोन निर्दोष आहे. बूस्ट उतरव, माइक तोंडाजवळ आण.

आता दिशेकडे येतो. आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कानांमुळे कळतं. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात नंतर. डोक्याला वळसा घालून जायला त्याला साधारण बावीस सेंटिमीटर जादा लागतात. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धर, तर हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, ०.६ मिलिसेकंदाच्या घरात येतो. मेंदू तेवढ्यावर डावं-उजवं ठरवतो. शिवाय लांबच्या कानावर डोक्याची सावली पडते म्हणून तिथे आवाज थोडा हळू. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये हे मांडलं, अजून तेच शिकवतात. पण पुढचं आणि मागचं? बरोबर समोरचा आणि बरोबर पाठीमागचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, सारखाच पोचतो. तिथे बाहेरच्या कानाच्या वळ्या-खाचा उपयोगी पडतात. त्या पुढून आलेल्या आवाजाचा रंग एका प्रकारे बदलतात, मागून आलेल्याचा दुसऱ्या प्रकारे. लहानपणापासून मेंदू तो फरक शिकलेला असतो.

हेडफोनमध्ये या वळ्यांना काही कामच उरत नाही, म्हणून गेम तो बदल गणिताने करून देतो. याला एचआरटीएफ म्हणतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये ते २०१७ पासून आहे, व्हॅलोरंटमध्ये २०२१ पासून. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ते चालू केलंयस का, हे आधी बघ. बहुतेक मुलांनी केलेलं नसतं. आणि हे गणित सरासरी माणसाच्या कानावर बेतलेलं असतं. तुझे कान सरासरीच्या जवळ असतील तर लगेच चालेल, नसतील तर दोन-चार दिवस सवय करावी लागेल.

आता दुकानदाराचं ७.१. खऱ्या ७.१ मध्ये सात स्पीकर आणि एक सबवूफर खोलीभर मांडलेले असतात. हेडसेटच्या डब्यावर ७.१ लिहिलेलं असतं तेव्हा आत प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज करणारा छोटा स्पीकर, असतो; सातचा आभास सॉफ्टवेअर करतं, तेच गणित वापरून. प्रत्येक कानात चार-पाच छोटे ड्रायव्हर कोंबलेले हेडसेटही येऊन गेले. जड, महाग आणि आवाजाला किरटे. थोडक्यात, डब्यावरच्या ७.१ साठी तू जे पैसे मोजतोस ते काम गेम फुकट करतोय. विंडोजमध्येसुद्धा २०१७ पासून विंडोज सॉनिक फुकट आहे.

खरी गंमत पुढे आहे. मुलं हे सगळं एकदम चालू करतात. गेमचं एचआरटीएफ, त्यावर विंडोज सॉनिक, त्यावर हेडसेटच्या सॉफ्टवेअरचं ७.१. चहात आईने साखर घातली, ताईने घातली, आणि स्वतः पिताना पुन्हा एक चमचा. मग पुढचं-मागचं कळत नाही म्हणून साउंड कार्ड घ्यायला निघतात. नियम एकच: गणित एकदाच. गेममध्ये असेल तर गेमचं चालू, बाकी सगळं बंद, आणि विंडोजमध्ये साधा स्टिरिओ. ज्या गेमला स्वतःचं नाही तिथेच विंडोजचं वापर.

आणि एक युक्ती, जिला पैसा लागत नाही. खऱ्या आयुष्यात आवाज कुठून आला कळलं नाही की आपण नकळत मान थोडी हलवतो. गेममध्ये तुझी मान म्हणजे माऊस. पावलं वाजली आणि पुढे-मागे कळेना, तर माऊस किंचित उजवीकडे फिरव. आवाज डाव्या कानाकडे सरकला तर माणूस पुढे आहे, उजव्या कानाकडे सरकला तर पाठीमागे. आठवडाभर सराव कर. माझ्या भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने नवा हेडसेट घ्यायचा बेत रद्द केला. त्याच्या वडिलांनी मला जेवायला बोलावलं.

हेडसेट निवडताना मग बघायचं काय? पहिलं, पावलं ऐकू यावीत एवढा खालचा आवाज आवरलेला हवा. गेमिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त हेडसेटांत बेस फुगवलेला असतो. दुकानात दोन मिनिटं भारी वाटतं, बॉम्ब फुटला की छाती हलते. पण मोठा ढोल वाजत असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हे पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लक्ष्मी रस्त्यावर पथकाच्या मागे उभा राहून बघ. ढोल बाकी सगळं गिळतो, पण ताशा त्यातूनही कापत येतो, कारण त्याची पट्टी वर आहे आणि आपला कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झमध्ये सर्वांत तिखट असतो. पावलांची टकटक, बंदुकीत गोळी भरल्याची खटखट, यांचा नेमका ओळखू येणारा भाग याच भागात आहे. हेडसेटने ताशा स्वच्छ ऐकवला पाहिजे, ढोल थोडा कमी असला तरी चालेल.

म्हणून तपकीर गल्लीत किंवा जिथे कुठे बघायला जाशील तिथे दुकानदाराने लावलेलं गाणं ऐकू नकोस. त्याने ते त्या हेडसेटला शोभेल असं निवडलेलं असतं. फोनमध्ये स्वतःचं ने, ऐकून पाठ झालेलं. माझी जुनी पद्धत म्हणजे तंबोरा आणि तबला असलेलं एखादं शास्त्रीय रेकॉर्डिंग. डग्गा घुमतो तेव्हा चाटीचा टणत्कार त्यात बुडतो का? तंबोऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या लागतात की एकच गुंजन ऐकू येतं? गायकाचा श्वास कळतो का? हे जमलं तर पावलंही जमतात. ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा की ५० चा, याने काही सिद्ध होत नाही. आकडा मोठा म्हणजे आवाज चांगला असं असतं तर मंडपातले भोंगे सर्वांत सुरेल वाजले असते.

दुसरं म्हणजे बसणं, आणि याला मी आवाजाएवढेच मार्क देतो. दुकानात निदान दहा मिनिटं डोक्यावर ठेव. चष्मा लावतोस का? असेल तर चष्म्यासकट ठेव. काडीवर पडणारा दाब दहाव्या मिनिटाला कळतो, पहिल्याला नाही. कानाची गादी कानाभोवती बसावी, कानावर नको. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास असलं तर तासन्तास चालतं. गाद्यांचं रेक्झिन पुण्याच्या दोन पावसाळ्यांत सोलून निघतं, मग खांद्यावर काळे कपटे पडायला लागतात. त्यामुळे सुट्या गाद्या मिळतात का आणि वायर काढता येते का, हे विचार. वायर नेहमी पिनेपाशीच तुटते. काढता येणारी असेल तर दोनशे रुपयांचं काम, नसेल तर माझ्यासारख्याकडे सोल्डरिंगला यावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात कापडी गादी बरी, घाम कमी येतो.

तिसरं, बंद की उघडा. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज मोकळा, आजूबाजूला पसरलेला वाटतो. दिशेलाही ते चांगलं. पण बाहेरचं सगळं आत येतं आणि तुझं सगळं बाहेर जातं. रात्री दोन वाजता शेजारच्या कॉटवरचा मुलगा तुला उशी फेकून मारेल. आणि गणपतीचे दहा दिवस सदाशिव पेठेत उघडा हेडफोन घालून बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. तुझ्यासाठी बंद पाठीचाच.

माइकबद्दल फार बोलत नाही. टीमला "डावीकडे दोन" एवढं कळलं पाहिजे. त्याला हेडसेटच्या दांडीवरचा कुठलाही बरा माइक पुरतो. स्ट्रीमिंग करायचं असेल तर वेगळा माइक हवा, आणि तो विषय वेगळा.

बिनवायरीचं थोडक्यात. छोटा यूएसबी रिसीव्हर घेऊन येणारे २.४ गिगाहर्ट्झचे हेडसेट गेमला चालतात, पण तुझ्या बजेटात त्यातला बराच पैसा बॅटरी आणि रेडिओवर जाईल. साधं ब्लूटूथ मात्र पीसीवरच्या गेमला नकोच. नेहमीच्या एसबीसी कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीत, आवाज साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद मागे पडतो. सेकंदाला ६० चित्रं धरली तर दोनशे मिलिसेकंदांत बारा चित्रं सरकून जातात; गोळी लागून गेल्यावर तुला तिचा आवाज येणार. त्यात माइक चालू केला की ब्लूटूथ फोन-कॉलच्या पद्धतीवर उतरतं आणि सगळा गेम लँडलाइनवरून ऐकतोय असं वाटतं. फोनवर बीजीएमआय खेळतानाही त्यामुळेच वायर बरी. फोनला गोल सॉकेट नसेल तर आत स्वतःची चिप असलेला टाइप-सीचा छोटा अडॅप्टर घे. तोच अडॅप्टर पीसीला लावला की ते तुझं 'साउंड कार्ड', आणि किर्र असेल तर तोही गेला.

पिनेचा एक घोळ सांगून ठेवतो, कारण यासाठी आठवड्याला एक तरी मुलगा येतो. फोनला चालणाऱ्या हेडसेटच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात: आवाज आणि माइक एकाच पिनेत. जुन्या पद्धतीच्या पीसीला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी सॉकेटं असतात. ही पिन हिरव्यात घातली की आवाज येतो, माइक मुका. हेडसेट खराब नाही, दीड-दोनशे रुपयांचा स्प्लिटर लागतो. पण दुकानात "माइक आणि हेडफोन वेगळा करणारा" असं स्पष्ट सांग. नुसतं स्प्लिटर म्हटलंस तर दोघांनी मिळून गाणी ऐकायचा हातात देतील. दिसायला जवळजवळ सारखाच असतो.

मग साउंड कार्ड, किंवा बाहेरचा डॅक-अँप (आकड्यांची वीज करून ती वाढवणारा डबा), कोणाला लागतो? बोर्डाचं सॉकेट मेलेलं असेल त्याला. वर सांगितलेला किर्र मागच्या सॉकेटातही येतो त्याला. होम थिएटरला ऑप्टिकल वायर जोडायचीय आणि बोर्डाला ते सॉकेट नाही त्याला. गाणं किंवा वाद्य रेकॉर्ड करणाऱ्याला, पण त्याने गेमिंगचं कार्ड न घेता माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज (फँटम पॉवर) देणारा ऑडिओ इंटरफेस घ्यावा. आणि क्वचित, जड हेडफोनवाल्याला.

जड म्हणजे वजनाने नव्हे, वाजवायला जास्त जोर लागतो असा. इथे लोक ओमच्या, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या, आकड्याला उगाच घाबरतात, म्हणून हिशोब करून दाखवतो. स्टुडिओत वापरतात तो बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो २५० ओमचा घे. एक मिलिवॅटला तो सुमारे ९६ डेसिबल देतो. २५० ओममध्ये एक मिलिवॅट जायला अर्धा व्होल्ट लागतो. साधा बोर्डही एक व्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे व्होल्टेज दुप्पट, म्हणजे सहा डेसिबल जादा: १०२. कान फाटतील. अडचण उलट्या बाजूने येते. काही बोर्डांच्या मागच्या सॉकेटामागे ७५ ओमचा रेझिस्टर असतो, कारण ते सॉकेट स्पीकरसाठी केलेलं असतं. तिथे ३२ ओमचा हेडफोन लावलास, तर एकूण १०७ ओमपैकी ३२, म्हणजे जेमतेम तीस टक्के व्होल्टेज हेडफोनच्या वाट्याला येतं आणि बेसही ढिला पडतो. अशा वेळी पुढच्या सॉकेटात आवाज मोठा आणि घट्ट येतो, पण तिथे किर्र असू शकतो. दोन्ही ठिकाणी ऐकून ठरव. दोन्हीकडे मन भरलं नाही, तर तो हजारचा अडॅप्टर आहेच.

आवाज किती ठेवायचा यावर मी उपदेश करणार नाही, पण हिशोब माहीत असू दे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. रोज रात्री चार तास खेळणाऱ्याने आकडे जुळवून बघावेत. पावलं ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवण्यापेक्षा विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये लाउडनेस इक्वलायझेशन असेल तर ते चालू करून बघ. हळू आवाज वर येतात, स्फोट खाली बसतात. साउंडच्या सगळ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये ते नसतं आणि संगीत त्याने सपाट होतं, पण गेमपुरतं कामाचं आहे.

तुझ्या आठ हजारांचं मी असं करेन. पाच ते सहा हजारांत बंद पाठीचा, वायरीचा, साधा स्टिरिओ हेडसेट. हायपरएक्स क्लाउड घराण्यातले हेडसेट मी बऱ्याच जणांच्या डोक्यावर बघितलेत, दुरुस्तीला कमी येतात. किंमत दर आठवड्याला वर-खाली होते, म्हणून इथे आकडा लिहीत नाही. माइक जोडलेलाच हवा असा हट्ट नसेल, तर याच पैशांत एखादा चांगला, स्टुडिओत वापरतात तसा मॉनिटर हेडफोन आणि वेगळा छोटा माइक बघ; आवाजाच्या बाबतीत तो सौदा जवळजवळ नेहमी सरस ठरतो, फक्त टेबलावर एक वायर वाढते. दिवे लागणारा घेऊ नकोस. तो तुझ्या डोक्यावर असतो, तुला दिसत नाही. बिल पक्कं घे आणि खोकं वॉरंटीपर्यंत टाकू नकोस, कॉटखाली सरकव.

पण दुकानात जायच्या आधी आज रात्री हे कर. पिन पुढून काढून मागे घाल. माइक म्यूट करून ऐक. कॅबिनेटला हात लावून ऐक. व्हॅलोरंटचं एचआरटीएफ चालू कर, बाकीचं सगळं बंद कर, आणि प्रॅक्टिसला दोन फेऱ्या माऊस हलवत खेळ. मग मला कळव, घों, किर्र की सस्स.